ब्रेकवर संतराम

सत्तावीस वर्षे मी विहिरी खोदल्या. सेनगावच्या माळावर, औंढ्याकडे, कळमनुरीच्या खाली. एकूण एकशे चौदा. त्यातल्या एका विहिरीची गोष्ट सांगायला बसलो की अजून माझा आवाज चढतो. बायको म्हणते, हळू बोला, शेजाऱ्यांना वाटेल भांडण लागलं. चढू द्या. ती गोष्ट संतरामची आहे आणि ती हळू सांगता येत नाही.

संतराम आमच्या टोळीत ब्रेकवर होता. ब्रेक म्हणजे काय ते आधी सांगतो.

विहिरीच्या तोंडावर यारी उभी करतात. लाकडी घोडीवर आडवे पिंप, पिंपाला गुंडाळलेली लोखंडी तार, तारेच्या टोकाला डब्बा. दगडाने भरलेला डब्बा वर ओढताना चौघे जण दांड्या फिरवतात. खाली सोडताना मात्र दांड्या काढून ठेवतात आणि सगळा भार एका माणसावर येतो. पिंपाला पट्टा असतो, पट्ट्याला सहा हात लांबीची बाभळीची दांडी. ती कंबरेखाली घेऊन तिच्यावर अंग टाकायचे. टाकाल तितका पट्टा आवळतो. कमी टाकले की डब्बा सुटतो. एकदम टाकले की झटका बसतो आणि झटक्याने तार तुटते. माणसेही त्याच डब्ब्यात बसून उतरतात. म्हणजे खाली जाणाऱ्याचा जीव ब्रेकवाल्याच्या कंबरेवर.

म्हणून आमच्या टोळीत एक नियम होता. ब्रेकवर कोण असावे ते मुकादम ठरवत नाही. खाली उतरणारा ठरवतो. त्याचा शब्द शेवटचा.

संतराम त्या जागी नऊ वर्षे होता. बुटका, काटकुळा. वजन पन्नास किलोही नसेल. घण मारायला त्याला कुणी घेतले नसते, यारीच्या दांड्या फिरवायलाही नाही. पण ब्रेकवर त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. रोज सकाळी आमची बिडी होईपर्यंत तो सगळी तार तळहातावरून सोडवून बघायचा. एखादे कुसळ वर आलेले असले तर चिमट्याने तोडायचा. ब्रेकवर जायच्या आधी अर्धीच भाकरी खायचा. पोट भरलं की अंग सुस्तावतं, म्हणायचा. डब्बा तळाला टेकला की खालच्या माणसाला आवाज नाही, धक्का नाही. पायाखाली जमीन आली एवढेच कळायचे.

२००२ च्या पोळ्यानंतर त्याची बायको नर्मदा तिसऱ्यांदा बाळंत झाली. पोरगी, पोरगा, आणि आता परत पोरगी. लेकरू ठणठणीत, पण नर्मदेचे रक्त थांबेना. जीपमध्ये घालून हिंगोलीला नेली, दोन बाटल्या रक्त चढले, वाचली. डॉक्टरने संतरामला बाजूला घेऊन सांगितले, "आता चौथं नको. चौथं आलं तर लेकरू हातात येईल, बायको येणार नाही."

थंडी पडल्यावर गावच्या उपकेंद्रात ज्योती सिस्टरने नर्मदेचे रक्त तपासले. सातच्याही खाली. "इतक्या कमी रक्तावर ऑपरेशन करता येत नाही," सिस्टर म्हणाली. "ह्या लाल गोळ्या घ्या. तीन-चार महिन्यांनी बघू." संतराम शेजारी उभा होता. मीही होतो, माझ्या पायाला पट्टी करायला गेलो होतो.

"तीन-चार महिने म्हंजे तवर काय भरवसा?" संतराम म्हणाला. "सिस्टर, हिचं होत न्हाई तर माझं करा."

सिस्टरने वहीतून मान वर केली. "काय म्हणालात?"

"बाप्यांचं बी करतात म्हणून तुमच्या भितीवर लिवलंय. खोटं लिवलं का?"

"खोटं नाही हो! पण पाच वर्षं मी इथे आहे. ते वाचून विचारणारे तुम्ही पहिले."

भिंतीवर एक तक्ता होता. सिस्टरने आम्हाला तो वाचून दाखवला. दहा वर्षांमागे गावात वर्षाला एकसष्ट लेकरे जन्मत होती, आता चव्वेचाळीस. मी म्हटले, चांगलं आहे की. ती म्हणाली, खालची ओळ बघा. कुटुंब नियोजनाची ऑपरेशने, दहा वर्षांत बाया एकशे ब्याऐंशी. पुरुष, शून्य. "लेकरं कमी झाली ती सगळी बायांच्या पोटावर टाके घालून," ती म्हणाली.

संतरामला तक्त्याचे काही नव्हते. त्याचे प्रश्न कामाचे होते.

"वझं किती दिस उचलायचं न्हाई?"

"दोन दिवस पूर्ण आराम. आठ दिवस जड काम नाही. टाका पडत नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पण लगेच भरवसा धरायचा नाही हं. तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणी."

"आठ दिस म्हंजे नवव्या दिशी कामावर गेलं तर चालंल?"

"चालेल."

"कंबर?"

"कंबरेचा काही संबंध नाही. नळी बांधतात, ती कंबरेत नसते."

"बराबर सांगा सिस्टर. माझं काम कंबरेचं हाय."

"अगदी बरोबर सांगते."

मला पटले नाही. माझा चुलता भिवाजी घण मारायचा. आणीबाणीत त्याला बाजारातून उचलून नेले आणि ऑपरेशन करून सोडले. पुढे त्याने घण उचलला नाही. कंबर गेली म्हणायचा. कंबर खरेच गेली होती का, ते कुणी तपासले नाही. राग होता, भीती होती, नंतर दारूही होती. पण आमच्या भागात सगळ्यांना एवढेच माहीत होते की भिवाजीचे ऑपरेशन झाले आणि त्याचा घण सुटला. मी हे संतरामला रस्त्यात सांगितले.

तो म्हणाला, "दादा, तुमच्या काकाला कोनी इचारलं व्हतं का?"

"नाही."

"मी सोता चाललो. फरक हाय."

जानेवारीत नसबंदीचे शिबिर होते. सोबत एक माणूस आणा म्हणाले, म्हणून मी गेलो. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत-बाहेर मिळून भिंतीवरच्या घड्याळात सोळा मिनिटे झाली आणि संतराम चालत बाहेर आला. चालत!

"झालं?"

"झालं म्हनं."

"दुखलं?"

"सुई टोचली तेवढं. तारेचं कुसळ हातात घुसतं ना, त्याच्याहून कमी."

मी इतका हसलो की शिपाई रागावला.

आठ दिवस संतराम घरी बसला. पूर्ण आठ. सिस्टरने सांगितले तेवढेच केले, पाण्याची घागरही उचलली नाही. गावात कुजबुज सुरू झाली. पडूनच आहे, उठता येत नाही. माणसाने सांगितलेला आराम केला की लोक त्याला आजार म्हणतात.

तेव्हा आमचे काम पुसेगावच्या अलीकडे पुनमचंदच्या शेतात चालू होते. विहीर नऊ परस खोल गेली होती, म्हणजे नऊ उभ्या माणसांएवढी. ब्रेक तेवढे दिवस मुकादम हिरासिंगने स्वतः सांभाळला. नवव्या दिवशी संतराम आला, तार तळहातावरून सोडवली, ब्रेकची दांडी पुसली.

खाली उतरणारे आम्ही दोघे. मी आणि रामकिशन. रामकिशन धिप्पाड गडी, घणाचा पक्का, तोंडाचा फाटका.

"ब्रेकवर कोन?" रामकिशनने विचारले.

"संतराम," हिरासिंग म्हणाला.

"मंग म्या न्हाई उतरत."

"काहून?"

"काहून म्हंजे? त्याच्या कंबरंत आता हाय काय? माझ्या बायकूच्या कपाळी कुंकू ऱ्हाऊ द्या!"

माणसे हसली. संतराम हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितले. शिबिरात सोबत मीच होतो. सोळा मिनिटांत तो चालत बाहेर आला, ते मीच डोळ्यांनी बघितले होते. मी भिवाजीकाकाचा विचार केला आणि खाली बघितले.

"दादा, तुमी बी?"

मी म्हटले, "थोडे दिवस जाऊ दे."

हिरासिंगने हात झटकले. "संतराम, मला काही म्हणायचं नाही. पण शब्द उतरणाऱ्यांचा."

संतराम घमेले घेऊन बायांच्या ओळीत गेला. वर आलेला दगड टोपल्यात भरून ढिगावर टाकायचे काम. नर्मदाही त्याच ओळीत होती. गोळ्या खाऊन चेहऱ्यावर थोडे रक्त दिसू लागले होते.

त्याला काय झाले असेल ते मला कळत होते. पन्नास किलोच्या माणसाला ब्रेक सोडून विहिरीवर दुसरे कामच नव्हते. आणि ही बातमी दुसऱ्या टोळ्यांत गेली की तिकडेही ब्रेक मिळणार नव्हता. तीन दिवस त्याने दगड वाहिला. "संताबाई, घमेलं भरा," असे रामकिशन दिवसातून दहादा म्हणायचा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत संतरामने डब्बा दगडांनी काठोकाठ भरला आणि ब्रेकवर घेतला. वीस वेळा खाली सोडला, वीस वेळा आम्ही वर ओढला. एकदाही धक्का नाही. मी रामकिशनकडे बघितले.

तो म्हणाला, "दगडाला काय, दगड मरत न्हाई."

चौथ्या दिवशी सकाळी हिरासिंग ब्रेकची दांडी कंबरेखाली घेऊन उभा, रामकिशन डब्ब्याकडे निघालेला. तेवढ्यात नर्मदेने टोपले ढिगावर आपटले. दगड घरंगळले. सगळे बघू लागले.

"मुकादम," ती म्हणाली, "खाली उतरनाऱ्याचा शबूद शेवटचा ना?"

"हो."

"मंग आज उतरनारी मी. माझा शबूद, ब्रेकवर हे." आणि संतरामकडे हात केला.

सगळे एकदम बोलू लागले. बाई विहिरीत? आमच्याकडे बाई कधी खाली उतरत नसे. रामकिशन ओरडला, "वैनी, खुळ्या झाल्या का? आसरा कोपतील! बाईमानूस तळाला गेलं की पानी पळतं!"

विहिरीच्या देवता त्या, सात आसरा. सगळ्या बहिणी.

नर्मदेने पदर कमरेला खोचला. "आसरा काय बाप्ये हैत का रामकिशनभाऊ? साती जनी बायाच की. माझं त्यायच्याशी जमंल. तुमचं तुमी बघा."

बायांच्या ओळीत असा हशा उठला की झाडावरचे पक्षी उडाले. ती तोपर्यंत डब्ब्याजवळ पोचली होती. एक पाय आत, मग दुसरा. दोन्ही हातांनी तार धरून उभी राहिली. डब्बा विहिरीवर हलकेच झुलला. खाली नऊ परस अंधार.

संतराम जागचा हलला नव्हता. "नर्मदे, उतर."

"काहून? तुमच्याच्यानं होत न्हाई का?"

"व्हतं."

"मंग या ना. मी किती येळ लोंबकळू?"

हिरासिंगने दांडी सोडली नाही. संतराम जवळ गेला, दांडीवर कंबर टेकली, आणि म्हणाला, "मुकादम, सोडा आता." हिरासिंग बाजूला झाला. डब्बा कणभरही हलला नाही.

त्याने श्वास घेतला, अंग किंचित उचलले, आणि पिंप फिरू लागले.

तारेला प्रत्येक परसावर लाल चिंधी बांधलेली असते. एक चिंधी खाली गेली. दोन. तीन. पिंपाचा कुरकुर आवाज आणि संतरामचा श्वास, बाकी काही नाही. मी काठावर पालथा पडून खाली बघत होतो. चार. पाच. पाचव्या आणि सहाव्या परसाच्या मधे पूर्वेकडून एक खडक पुढे आलेला होता. झुलता डब्बा त्याच्यावर अडकला आणि कलंडला.

मी ओरडलो, "थांब!"

माझा ओरडा संपायच्या आत पिंप थांबले होते. झटका नाही. तार थरथरलीसुद्धा नाही. हे काय असते ते ज्याने ब्रेक धरला नाही त्याला कळणार नाही. डब्बा अडकला की तारेवरचा भार अचानक हलका होतो, आणि तिथे कच्चा माणूस आणखी तार सोडून बसतो. मग डब्बा निसटला की सुटलेली सगळी तार एकदम ताणली जाते. संतरामला वरून दिसत काहीच नव्हते. भार हलका झाला हे त्याला कंबरेत कळले. तेवढ्या वेळात त्याने सगळे अंग दांडीवर टाकले होते.

"नर्मदे!" मी हाक मारली. "पायानं खडक लोट!"

"लोटते! वरडू नगा, कान फुटले!"

डब्बा सरळ झाला. खालून आवाज आला, "सोडा हो लेकरायचे बाप!"

सहा. सात. संतरामच्या गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या, घाम नाकावरून टपकत होता, पण तार एकाच गतीने सुटत होती, बोटभर, बोटभर. आठ. बाया ढिगावरून काठापाशी आल्या होत्या. नऊ. तार सैल पडली. टेकल्याचा आवाजही नाही.

मग खालून नर्मदेचा आवाज घुमत वर आला. "अगं बाया हो, इथं लई गार हाय गं! आन् तुमी तिथं उन्हात!"

सगळी टोळी एकदम ओरडली. हिरासिंगसारखा गंभीर माणूस, त्याने डोक्याचा फेटा काढून हवेत फेकला.

ती तशीच वर आली नाही. उतरले आहे तर काम करून येईन, म्हणाली. तळातला फुटका दगड तिने डब्ब्यात भरला, अर्धा डब्बा. मला राहवेना, वर ओढायला मी पहिला जाऊन यारीची दांडी धरली. दगड वर घेतला, डब्बा परत खाली गेला, मग ती वर आली. काठावर पाय ठेवला, पदराने तोंड पुसले आणि रामकिशनसमोर उभी राहिली.

"रामकिशनभाऊ, तुमची पहार खाली पडली हाय. जाऊन आनता का मी जाऊ परत?"

रामकिशन डब्ब्याकडे वळला. पण मी आधीच आत उभा होतो. मला त्याच्या आधी उतरायचे होते. तीन दिवसांचे देणे माझ्या अंगावर होते.

"संतराम, सोड," मी म्हटले.

"घट धरा दादा," तो म्हणाला. बाकी काही नाही. तेव्हाही नाही, पुढेही कधी नाही.

मी उतरलो, मागून रामकिशन आला. त्या दिवशी उन्हे कलेपर्यंत आम्ही अडतीस डब्बे काढले. तेवढे त्या विहिरीवर एका दिवसात कधी निघाले नव्हते. पाणी त्या दिवशी लागले नाही. सतरा दिवसांनी लागले, दहाव्या परसाला, गोडे. आसरा रुसल्या नव्हत्या.

एप्रिलच्या शेवटी संतराम तपासणीला गेला आणि कागद घेऊन थेट विहिरीवर आला. तपासणी स्वच्छ. हिरासिंगने कागद उलटा धरून मोठ्याने वाचल्यासारखे केले. "यात लिहिलं आहे, कंबर एकदम मजबूत." त्यावर बाया इतक्या हसल्या की काम अर्धा तास थांबले. ज्योती सिस्टरने तक्त्यावरचे शून्य पुसून एक लिहिले होते. पुढच्या हिवाळ्यात त्याचे पाच झाले. त्यात मी होतो. रामकिशनही होता, चार लेकरे झाल्यावर का होईना. आठ दिवस घरी बसा म्हटले तर तो बारा दिवस बसला आणि वर तकलीफ होते म्हणाला. काही तकलीफ नव्हती. सुट्टी आवडली होती.

२००८ साली हिरासिंगने इंजिनवर चालणारी यारी आणली. तिला ब्रेक होता, पण तो हाताचा, लोखंडी. टोळीत चार तरणी पोरे आली होती, इंजिन त्यांना येत होते. हिरासिंगने उतरणाऱ्यांना विचारले. त्या वेळी तळाला रामकिशन आणि दोन नवे गडी होते. रामकिशन म्हणाला, "इंजन कोन बी चालवा. ब्रेकवर संतराम."

संतरामने शिकायला चार दिवस मागितले. रिकामा डब्बा, मग दगडाचा डब्बा, सकाळ-संध्याकाळ. पाचव्या दिवशी सकाळी त्याने अर्धी भाकरी खाल्ली, नवी तार सगळी तळहातावरून सोडवली आणि नव्या ब्रेकला हात घातला.

"बसा," तो म्हणाला.

रामकिशन पहिला बसला.